ढेंबऱ्यांची भिंत

रविवार, १२ जानेवारी २०२५. कुंडल.
बी.पी. १४२/८८

सांगलीच्या डॉक्टरांनी रोज बी.पी. लिहून ठेवायला सांगितले आहे. नुसते आकडे लिहून गप्प बसणे मला जमणार नाही. अठ्ठावीस वर्षे मिलिटरीत क्लार्क होतो, नायब सुभेदार म्हणून रिटायर झालो. आकड्याखाली शेरा लिहिल्याशिवाय पान पुरे झाल्यासारखे वाटत नाही. म्हणून दूध संघाने फुकट वाटलेली ही डायरी कामाला लावली.

आज उदयसिंहाच्या मंगल कार्यालयात भावकीची मीटिंग झाली. उदयसिंह माझा चुलतभाऊ, सात वर्षांनी लहान आणि ढेंबरे भावकीचा अध्यक्ष. कार्यालय त्याचे, खुर्च्या त्याच्या, चहा त्याचा, म्हणून अध्यक्षही तोच. साताऱ्याकडच्या ढेंबऱ्यांनी गेल्या वर्षी 'अकरा थोर ढेंबरे' अशी पुस्तिका काढली आणि त्यात कुंडलचा एकही घेतला नाही. तेव्हापासून इकडे कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. उदयसिंहाने तोडगा काढला. पुस्तिका रद्दीत जाते, भिंत जात नाही. कार्यालयाच्या नव्या हॉलमध्ये सहा थोर ढेंबऱ्यांच्या तसबिरी लावायच्या, नऊ मार्चला मोठा कार्यक्रम करायचा आणि साताऱ्याच्या मंडळींना पहिल्या रांगेत बसवायचे.

"दादा, नावं तू हुडकायची," तो मला म्हणाला. "तुला लिवायची सवं हाय."

एवढ्या मोठ्या भावकीत सहा थोर माणसे सहज निघतील, असे मी सर्वांसमोर बोलून बसलो. घरी येईपर्यंत तीनच आठवली.

शुक्रवार, १७ जानेवारी
बी.पी. १५८/९६

चार झाले. पहिला सरदार कोंडाजी. तो नक्की कोणत्या काळातला याबद्दल दुमत आहे, पण सरदार होता याबद्दल एकमत आहे. पुरावा म्हणजे उदयसिंहाचे वडील सांगायचे. दुसरे पैलवान आप्पा ढेंबरे. साताऱ्याच्या मैदानात त्यांची कुस्ती दोन तास चालली हे सगळे सांगतात. शेवटी खाली कोण होते हे विचारले की विषय बदलतात. तिसरे रामभाऊ, बेचाळीसच्या चळवळीत सहा महिने तुरुंगात होते. त्यातले चार महिने चळवळीचे आणि दोन बांधावरच्या मारामारीचे, असे त्यांच्या शेजारच्या रानवाल्याचा नातू म्हणतो. चौथे मिरजेचे डॉक्टर. ते अजून जिवंत आहेत, पण थोर व्हायला त्यांची हरकत नाही.

पाचव्या जागेसाठी मी आमच्या वडिलांचे नाव सुचवले. सयाजी मास्तर. चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. आज या गावात सही करणारा साठीच्या पुढचा प्रत्येक माणूस त्यांनी हात धरून गिरवायला लावलेला आहे.

"काका थोर हुतंच," उदयसिंह म्हणाला. "पर मास्तर भितीवर शोभत न्हाई, दादा. कायतरी तलवार-बिलवार पायजे."

मी हसून सोडून दिले. मला अजिबात वाईट वाटले नाही.

सोमवार, २० जानेवारी
बी.पी. १३६/८४

पाचवा सापडला. शोधला आमच्या सूनबाईने. मुलगा जयराज फौजेत पठाणकोटला आहे, रेश्मा इथे माझ्याजवळ असते. पहिल्या महायुद्धात पदके मिळालेल्या हिंदी लोकांची जुनी इंग्रजी यादी तिला मोबाइलवर सापडली. त्यात लिहिले होते : नाथाजी ढेंबरे, बेअरर, गाव कवठेमहांकाळ. मेसोपोटेमिया, १९१७. भर गोळीबारात नऊ खेपा करून नऊ जखमींना उचलून आणले. स्वतःला दोन जखमा झाल्या तरी थांबला नाही. शौर्यपदक.

बेअरर म्हणजे जखमींना डोलीतून, स्ट्रेचरवरून वाहून आणणारा. हातात हत्यार नसते. मी वाचून खुर्चीतून उठून उभाच राहिलो. फौजेतली सवय.

"पण आबा, आपले लोक कवठ्याला कधी होते?" रेश्माने विचारले.

उदयसिंहाने तो प्रश्न फोनवर पाच मिनिटांत निकालात काढला. आमच्या पणजोबांचा एक भाऊ भांडून घर सोडून गेला होता, तोच हा. मी हे पहिल्यांदा ऐकत होतो. तोही पहिल्यांदाच सांगत होता.

सोमवार, २७ जानेवारी
बी.पी. १३४/८४

नाथाजीबापूंचा गावात जोर आहे. आठवड्यापूर्वी त्यांना ओळखणारा एक माणूस नव्हता, आता प्रत्येक घरात त्यांची एक आठवण निघते. कुणाकडे त्यांनी लावलेला आंबा आहे, कुणाकडे त्यांचे जाते. अंबूकाकू अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. त्यांना तर बापूंनी खांद्यावर बसवून जत्रेला नेले होते.

"लय उच्चापुरा गडी. मिशीला पीळ," असे त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

त्या वर्णनावरून सांगलीच्या एका पेंटरने तसबीर काढली आहे. फेटा, पीळदार मिशा, हातात नंगी तलवार. चेहरा आमच्या आजोबांचा घेतला, कारण फोटो तोच उपलब्ध होता. बेअररला तलवार नसते असे मी म्हणून बघितले. "मग काय हातात डोली दिवू?" असे उत्तर मिळाले.

पुण्याच्या एका निवृत्त मेजर जनरलसाहेबांना मी पत्र टाकले होते. त्यांचा आज फोन आला. "या बेअररसाठी मी नक्की येईन. माझ्यासाठी हारतुरे नकोत." जनरल येणार म्हटल्यावर उदयसिंहाने पलूसपासून कवठेमहांकाळपर्यंत फ्लेक्स लावले. खाली संपर्क म्हणून माझा नंबर आहे.

सोमवार, ३ फेब्रुवारी
बी.पी. १४०/८६

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. "सुभेदारसायेब हायत का? म्या अर्जुना ढेंबरे बोलतोय, कवठ्यास्नं. तुमी बोर्डावर नाव लावलंय न्हवं नाथाजी ढेंबरे, ते आमचं आज्जं. तुमी काडलेलं चित्र काय त्येंच्यासारखं न्हाई, पर नाव बराबर हाय."

माणूस इतका आनंदात होता की मध्ये बोलायला जागाच मिळेना. पदक त्याच्या घरी आहे. खरा फोटोही आहे. कार्यक्रमाला घरची पाच माणसे आली तर चालतील का, असे विचारत होता. मी म्हणालो, चालतील की. पाच काय, पंचवीस या.

उदयसिंहाला कळवले. नाथाजीबापूंचा सख्खा नातू सापडला म्हणून त्याने पेढे आणायला माणूस पाठवला. पदक आणि फोटो घेऊन ये म्हणाला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
बी.पी. १६६/१०२

कवठेमहांकाळला जाऊन आलो. एस.टी. उशिरा निघाली, तासगाव स्टँडवर एक तास बसावे लागले. तिथे दोन कप गोड चहा घेतला.

अर्जुना सत्तरीचा आहे, एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झाला. मला घ्यायला स्टँडवर आला होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. घर गावाच्या पूर्वेला, बुद्धविहाराच्या मागे. दारातून आत गेलो तर समोर भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या खाली नाथाजींचा फोटो. तेव्हा माझ्या लक्षात आले की हे ढेंबरे आपल्यातले नाहीत.

मी असले काही मानत नाही हे इथे लिहून ठेवतो. फौजेत सगळ्यांबरोबर एका पंगतीत जेवलो आहे. चहा आला तो घेतला नाही. शुगर आहे म्हणून सांगितले.

फोटो तळहाताएवढा आहे. किडकिडीत माणूस, अंगावर ढगळ युनिफॉर्म, मिशी नाही, हात रिकामे. पदक लाल फडक्यात गुंडाळून ठेवलेले. कडेला नंबर आणि नाव कोरलेले आहे, मी चष्मा काढून वाचले. अगदी बरोबर आहे.

"आमचा बा सांगायचा," अर्जुना म्हणाला, "आज्जानं साह्यबं उचललं, शिपाय उचललं, तवा कुनी न्हाई म्हणलं न्हाई. मेडल घिऊन गावात आला, तर हिरीवर पाणी वरनंच वतलं. लय मन मोडलं त्येचं. पुना मेडल लावलंच न्हाई त्यानं. एकतीस साली वारला."

एकतीस साली. म्हणजे अंबूकाकूंना खांद्यावर बसवायला ते मेल्यावर आले होते.

निघताना त्याने फोटो आणि पदक दोन्ही माझ्या हातात दिले. मी पावती लिहून देतो म्हणालो. तो म्हणाला, "आवं, मिलटरीच्या माणसाकडनं कशाला पावती?" मग विचारले, "सायेब, तुमचं-आमचं नातं काय लागतं वो?"

बघावे लागेल, असे मी म्हणालो.

शनिवार, ८ फेब्रुवारी
बी.पी. १६२/९८

दोन दिवस टाळले, आज उदयसिंहाला सांगितले. फोनवर सांगण्यासारखे नव्हते. त्याने फोटो बघितला, उलटा करून बघितला.

"आपल्यातला न्हाई?"

"नाही."

"जनरल ह्येच्यासाठीच यायला लागलाय."

"होय."

"फ्लेक्स लागल्यात."

"लागलेत."

उदयसिंहाने खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्यांकडे बघितले. मग म्हणाला, "मग त्यो आपल्यातला हाय."

मला कळले नाही. त्याने समजावून सांगितले. नाथाजी आपला, अर्जुना नाही. नाथाजीबापू आपल्याच पणजोबांचा भाऊ, फौजेत गेला, बिनलग्नाचा राहिला, संपले. पदक काचेच्या पेटीत ठेवायचे. छोटा फोटो लावायचा नाही, त्यात मिशी नाही.

"आणि अर्जुना?"

"त्येला सन्मानानं कवातरी बोलवू. येगळा कार्यक्रम घिऊ," तो म्हणाला. वेगळ्या कार्यक्रमाची कल्पना मला ठीक वाटली. निदान त्या वेळी तरी वाटली.

शनिवार, १५ फेब्रुवारी
बी.पी. १५४/९४

हेळवी आला होता. बिरदेव हेळवी, जतच्या पलीकडून, कानडी मुलखाच्या हद्दीवरून येतो. आमच्या सगळ्या घरांची वंशावळ त्याच्या चोपड्यांत लिहिलेली आहे. बाप बैलावर बसून यायचा, हा मोटारसायकलवर येतो, पण चोपडी त्याच कापडी पिशवीत. अंगणात उभा राहून पंधरा पिढ्या म्हणून दाखवल्या. सरदार कोंडाजीपाशी आला तेव्हा म्हणाला, "ह्यो घोडी चोरल्यामुळं मूळ गाव सोडून हिकडं आला." उदयसिंहाने ते वाक्य परत वाचू नकोस म्हणून सांगितले.

मग खरे काम काढले. पणजोबांचा भाऊ म्हणून नाथाजीचे नाव चोपडीत घाल. धोतरजोडी, पायलीभर ज्वारी, वर आणखी काय हवे ते.

बिरदेवने चोपडी मिटली. "कुणाच्या पोटचा लिवू?"

"आमच्या पणजीच्या सासूच्या."

"तिला चार झाली. एक पोरगी हुती. पाचवं मूल तिला मी आज कुठनं आणू?"

"आरं, लिवायचंच तर हाय."

"आमी जल्मल्यावर लिवतो, गौडा. लिवून जल्माला घालत न्हाई." मग तो माझ्याकडे वळला. "कवठ्याच्या नाथाजीचं घर मला ठावं हाय. त्या वाटंनंच येतो की. त्येंची चोपडी माज्याकडं न्हाई. कुठल्याच हेळव्याकडं न्हाई. त्येंची कुनी ठिवलीच न्हाई."

ज्वारी घेतली, धोतरजोडी तिथेच ठेवून गेला. उदयसिंह म्हणाला, हेळवी माजलेत. मला बिरदेवचे बोलणे दिवसभर पुरले. अठ्ठावीस वर्षे मी पलटणीत हेच काम केले. कुणाचे लग्न झाले, कुणाला मूल झाले, मेला तर वारस कोण, सगळ्याची नोंद. कागद बघितल्याशिवाय एक नाव चढवले नाही. एका कर्नलसाहेबाने ओरडून सांगितले तरी चढवले नव्हते.

शनिवार, २२ फेब्रुवारी
बी.पी. १७२/१०४

सकाळी उदयसिंह घरी आला. सहावी तसबीर वडिलांची लावायचे ठरवले म्हणाला. सयाजी मास्तर. मोठी फ्रेम, खाली पितळी पाटी. "काकांचं आमच्यावर उपकार हायत," म्हणाला. वडील गेल्याला एकवीस वर्षे झाली, शाळेने साधा ठराव केला नव्हता. मी त्याचे हात धरले.

चहा पिताना तो म्हणाला की त्या अर्जुनाला तेवढे सांभाळून घे. तू सांगितलेस तर ऐकेल.

दुपारी मी अर्जुनाला फोन केला. जनरलसाहेबांच्या अडचणीमुळे कार्यक्रम पुढे ढकलला आहे, तारीख ठरली की कळवतो, पदक माझ्याकडे सुरक्षित आहे. तो म्हणाला, "हां सायेब, काय घाई न्हाई. शंभर वरसं थांबलो, आनि म्हयनाभर थांबू."

रेश्मा तिथेच मेथी निवडत होती. "कार्यक्रम पुढे ढकलला, आबा?" मी म्हणालो, काही बाबतीत ढकलला. ती उठून आत गेली.

सकाळच्या आणि दुपारच्या या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. हे नोंद राहावी म्हणून लिहितो.

रविवार, २३ फेब्रुवारी
बी.पी. १७०/१०४

विशेष काही नाही.

शनिवार, ८ मार्च
बी.पी. १६८/१००

हॉल सजला आहे. वडिलांची तसबीर बघून आलो. सहावी जागा हात धुण्याच्या बेसिनजवळ आली आहे, पण उजेड चांगला आहे. निवेदन मी करायचे आहे. कागद मीच लिहिला. "नाथाजीबापूंचे पणतू श्री. उदयसिंह ढेंबरे पडदा दूर करतील." अक्षर चांगले आले आहे.

सोमवार, १० मार्च
बी.पी. घेतले नाही

काल डायरी हातात धरवली नाही. आज सगळे लिहून काढतो.

हॉल भरला होता. साताऱ्याचे ढेंबरे पहिल्या रांगेत, आणि त्यांना वाटत असलेली असूया आम्ही आमच्या डोळ्यांनी बघत होतो. जनरलसाहेब वेळेच्या दहा मिनिटे आधी आले, साध्या शर्टात. स्टेजवर नाथाजींच्या तसबिरीवर जरीचा पडदा. त्यांनी पडद्याची कड हळूच उचलून आत बघितले आणि माझ्याकडे वळले. "सुभेदारसाहेब, बेअररच्या हातात तलवार?"

मी म्हणालो, "सर, पेंटरची."

ते हसले नाहीत. माइकजवळ येऊन सर्वांना म्हणाले, "पडदा मी नाही काढणार. ज्या माणसाने नऊ जणांना पाठीवर घेतले, त्याच्या घरचे कोण आले आहे? त्यांनी काढावा. सुभेदारसाहेब, वारसाचे नाव पुकारा."

वारसाचे नाव. उदयसिंहाने फेटा सारखा केला आणि अर्धा उठलाही. माझ्या हातात कागद होता, कागदावर ओळ होती, ओळ माझ्या अक्षरात होती. मी ती डोळ्यांनी वाचली आणि तोंडाने म्हणालो, "अर्जुना तुकाराम ढेंबरे, कवठेमहांकाळ. नाथाजींचे सख्खे नातू."

कुणी उठले नाही. सगळा हॉल मागे वळून बघू लागला. साताऱ्याचे माना ताणून बघत होते. मी पुन्हा एकदा पुकारले, अधिक मोठ्याने. पंखे फिरत होते. मला खरेच वाटत होते की मागून कोणीतरी उठेल. त्याला येऊ नको म्हणून मीच सांगितले होते, हे मला नाव दोनदा पुकारून झाल्यावर आठवले.

उदयसिंह गडबडला नाही. त्याने माइक घेतला. "अर्जुनरावांची तब्येत बरी न्हाई. त्येंच्या आज्ञेनं, भावकीच्या वतीनं, मी पडदा काडतो." आणि काढला. टाळ्या पडल्या. जनरलसाहेबांनी तलवारवाल्याला कडक सॅल्यूट ठोकला आणि जेवायला न थांबता निघून गेले.

मला वाटले होते उदयसिंह माझी कॉलर धरेल. तो जेवणाच्या पंगतीत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "दादा, झकास केलंस. नातवाचं नाव आल्यामुळं एकदम खरं वाटलं बग सगळं."

माझ्या आयुष्यात मी एवढे खरे कधी बोललो नव्हतो, आणि ते त्याच्या कामाला आले. लोक बेसिनवर हात धुऊन ओल्या हातांनी वडिलांच्या फ्रेमला टेकत होते. मला तिथे उभे राहवले नाही. मला माझी लाज वाटली, आणि वडिलांच्या तसबिरीकडे बघण्याची जास्त वाटली.

आज सकाळी भावकीचा सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे असलेल्या किल्लीने काचेची पेटी उघडली. पदक काढून घेतले. छोटा फोटो ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये स्टेपलरखाली होता, तोही घेतला.

मंगळवार, ११ मार्च
कवठेमहांकाळहून परतताना, तासगाव स्टँडवर लिहितो आहे

अर्जुनराव अंगणात ज्वारी निवडत बसले होते. मला बघून उठले नाहीत. बसा म्हणाले. मी खाली पोत्यावर बसलो.

मी सांगायला तोंड उघडले तर ते म्हणाले, "बगितलं म्या. पुतण्याच्या मोबाइलवर आलंय. तुमी हाक मारली ते बी बगितलं."

मी म्हणालो, "मी दोनदा पुकारले."

"व्हय. मोठ्यानं पुकारलं. त्या टायमाला म्या हितंच बसलो हुतो, ह्याच ज्वारीपशी." सूप खाली ठेवले. "सुभेदारसायेब, माणसाला घरात बसवून ठिवायचं आनि मग त्येला हाळी द्यायची, ह्याला तुमच्याकडं काय म्हणत्यात?"

मी पदक आणि फोटो त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी फडके सोडून पदकाच्या कडेवरचे नाव वाचून बघितले, नंबरसकट. मागच्या वेळी पावती नको म्हणणारा हाच माणूस.

"माझे चुकले," मी म्हणालो.

"चुकणं येगळं," ते म्हणाले. "माझ्या हातनं कंडक्टरकीत लय टायमाला चुकीचं तिकीट फाटलं. तवा मला ठावं नसायचं. तुमाला समदं ठावं हुतं."

मग ते आत गेले. मला वाटले आता बाहेर येत नाहीत. रडू येत होते ते मी आवरले नाही. अंगणात दुसरे कोणी नव्हते. थोड्या वेळाने ते आले. हातात रेघांचा मोठा कागद आणि पेन.

"तुमी क्लार्क हुता म्हणला न्हवं. ल्ह्या."

"काय लिहू?"

"झालं त्ये. तारीख घालून. कुनी फोन केला, काय सांगितलं, का सांगितलं. आमची चोपडी कुनी ठिवलेली न्हाई. ही पयली."

मी सूप पालथे घालून त्यावर कागद ठेवला आणि लिहिले. नाथाजी ढेंबरे, बेअरर, यांचे नातू अर्जुना तुकाराम ढेंबरे यांना कार्यक्रम पुढे ढकलल्याचे मी दिनांक २२ फेब्रुवारीला कळवले. ते खोटे होते. कार्यक्रम ९ मार्चला झाला. हे मी माझ्या वडिलांची तसबीर भिंतीवर लागावी म्हणून केले. ते आपल्यातले नाहीत म्हणून केले.

शेवटचे वाक्य लिहीपर्यंत मला माहीत नव्हते की मी ते लिहिणार आहे. खाली सही केली.

अर्जुनरावांनी कागद वाचला, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. मग दारातून आतल्या भिंतीकडे बघितले, जिथे फोटो काढून नेल्यापासून खिळा रिकामा होता. आत जाऊन त्यांनी नाथाजींना जागेवर लावले.

"ह्यो कागद फ्रेम करून त्येच्या बगलंला लावतो," ते म्हणाले. "तुमी आमच्यातला एक तुमच्या भितीवर न्हेला. आमच्या भितीवर बी तुमच्यातला एक ढेंबरे आसू द्या."

मी मान हलवली. त्यांनी कागद पुन्हा माझ्यापुढे धरला. सही नीट वाचता येत नाही, फ्रेमीत कुणाची हाय त्ये कळायला पायजे, म्हणाले.

दुसऱ्यांदा मी सही केली नाही. पूर्ण नाव लिहिले. लालासाहेब सयाजी ढेंबरे, कुंडल.